बारा नग, उजवी कड

४ मार्च, मंगळवार

मुंगी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच टोपलीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या भाऊजींकडून लिहून घेतला. त्यांचं ते कोंबडीने पाय ओढल्यासारखं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुठल्या तरी डॉक्टरांनी तुमच्या दुकानाला चष्म्याचा नंबर पाठवलाय. फसवलं तुला. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, चौदा महिने झाले. कागद निदान फाडायला तरी हातात धरावा लागतो, एवढीच माझी आशा.

आई बरी आहे. तिचा गुडघा, तिची औषधं, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून शेजारणीशी चाललेली तिची लढाई, हे सगळं ती तुला दर रविवारी फोनवर सांगतेच. दार लावून सांगते, पण एवढ्या मोठ्याने सांगते की दार लावायचं कारण मला अजून कळलेलं नाही. म्हणून ते सोडते.

तुझ्या भाचीच्या वर्गाचा फोटो घरी आला. चाळीस मुलं, दोन रांगा, बाई मध्ये. तुझी भाची बाईंच्या शेजारी, डोळे मिटलेले. सगळ्यांनी ते मिटलेले डोळे बघून हसून घेतलं. मी कुठे बघितलं असेल? तुला माहीत आहे. लोक फोटोत चेहरे बघतात, मी कडा बघते. अगदी उजवीकडे शेवटी एक मुलगी उभी होती. तिच्या बाहीचं बटण तुटून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं. तो दोरा मला दिसला, मुंगी. दोऱ्याचे दोन पदर वेगळे दिसले.

मी फोटोवाल्यांना फोन केला. म्हणाले, पूर्ण उघडं अॅपर्चर ठेवून काढलाय, त्या हॉलमध्ये उजेड नव्हता. म्हणजे अॅपर्चर बारीक केलं म्हणून कडा सुधारली, असं तू म्हणू शकणार नाहीस. तो प्रश्न मी आधीच विचारला. मग लेन्स कुठली ते विचारलं. ते म्हणाले, "अहो, स्वस्तात घेतलेली आहे, नापास माल होता, पण माझं काम भागतंय." मी नंबर वाचून दाखवायला सांगितला. शेवटचे तीन आकडे ४१७.

आमच्या कंपनीच्या तपासणीच्या नोंदीत तो नंबर आहे. काकांच्या लेन्सच्या कारखान्यातून आलेल्या बारा नगांपैकी पाचवा. तुझ्या टेबलावर जुळवलेला. त्याच्यासमोर 'नापास, उजवी कड मऊ, रेषा पुसट' असं लिहिलंय आणि त्याखाली सही माझी आहे.

एका फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मीच नव्या लोकांना शिकवते. फोटोवाल्यांकडून लेन्स काही दिवसांसाठी मागून घेतली आहे. बघते आणि लिहिते. तू उत्तर द्यावंस असं काही नाही.

ताई


९ मार्च, रविवार

मुंगी,

बघितलं.

शुक्रवारी सगळे गेल्यावर मी तपासणीच्या खोलीत एकटी थांबले. साडेपाच वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं, पडदा ओढून घेतला. ४१७ तपासणीच्या बाकावर चढवली. समोर तोच तक्ता, त्याच रेषा. मधोमध बघितलं, डावीकडे बघितलं, शेवटी उजवीकडे.

उजवी कड डावीइतकीच रेखीव होती. लेन्स पाव फेरी फिरवली, बघितलं. अर्धी फिरवली, पाऊण फिरवली. चारही वेळा चारही कोपरे ठीक. इतक्या चोख जुळवलेल्या लेन्स आमच्याकडे वर्षाला दहा येत नाहीत.

मी स्टुलावर बसले आणि माझा जीव भांड्यात पडला. आधी तेच झालं, खरं सांगते. तुझा हात बरोबर होता. मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. तुझा हात बरोबर होता, तर चौदा महिन्यांपूर्वी माझ्या पडद्यावर काय दिसलं होतं?

तुला आमचा बाक आठवत असेल. लेन्स ज्या पोलादी प्लेटवर बसते ती प्लेट. त्या तपासणीनंतर आठवड्याभरात बाक बनवणाऱ्यांनी वर्षाच्या करारातली नवी प्लेट पाठवली, जुनी काढली आणि खालच्या खणात टाकली. ती तिथेच होती, कापडात गुंडाळलेली. मी ती चढवली. लेन्स तीच, तक्ता तोच. आणि पडद्यावर उजवी कड लोण्यासारखी मऊ. लेन्स अर्धी फिरवली. दोष लेन्समध्ये असता तर मऊपणा डावीकडे गेला असता. तो उजवीकडेच राहिला. पुन्हा फिरवली. उजवीकडेच.

प्लेटच्या काठाला एका जागी पोलाद किंचित वर उचललेलं आहे. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतं. डायल लावून मोजलं, बावीस मायक्रॉन. केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. तेवढ्याने लेन्स तिरकी बसत होती. ती प्लेट कधी, कुठे आपटली असेल कोण जाणे.

त्या आठ दिवसांत बाकावर दुसरा कुठलाच माल आला नव्हता, नोंद तपासली. फक्त तुमचे बारा नग. त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

तर मुंगी, ते नग नापास नव्हते. निदान पाचवा तरी नक्कीच नव्हता. बाकीचे अकरा कुणाकुणाकडे गेले ते शोधते आहे. दोष प्लेटचा होता. हे तुला लवकरात लवकर कळावं म्हणून लिहितेय.

ताई


१५ मार्च, शनिवार

मुंगी,

दोन पत्रं झाली, तुझ्याकडून काही नाही. बरोबरच आहे. दोन्ही पत्रं मीच पुन्हा मनातल्या मनात वाचली तर मलाही लिहिणाऱ्या बाईचा राग आला. दोष प्लेटचा होता म्हणे.

काल आई भाजी निवडत बसली होती. मी तिला प्लेटचं सगळं सांगितलं. तिला मायक्रॉनमधलं काही कळत नाही, पण 'तिचा हात बरोबर होता' एवढं कळलं. हातातली भाजी ताटात ठेवून ती म्हणाली, "मग तिला सांग. ती रोज बघते."

"काय बघते?"

"गेल्या महिन्यात मी आठ दिवस राहून आले ना तिच्याकडे? सकाळी उठली की पेला काठोकाठ पाण्याने भरते. तळहातावर धरते, हात लांब करून उभी राहते. पाणी सांडतं का बघते. मला वाटलं, काहीतरी व्यायाम असेल. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, आई, माझा हात गेलाय, तो किती गेलाय ते बघते."

"तू मला हे सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस का कधी तिच्याबद्दल? तू आपली माझ्या दाराबाहेर चपला सरळ करत बसायचीस."

म्हणजे तिला ते कळत होतं, मी दर रविवारी दाराबाहेर घुटमळायचे ते.

मी रात्रभर काही तळमळले वगैरे नाही. झोपले. सकाळी उठले तेव्हा मात्र हे लिहायचं ठरलेलं होतं.

प्लेट कधी आपटली कोण जाणे, असं मी लिहिलं. मी जाणते. तुमचे नग यायच्या आदल्या दिवशी ती मी पुसत होते आणि माझ्या हातून निसटली. फरशीवर काठावर पडली, दोनदा उडाली. मी उचलली, फुंकर मारली, उजेडात धरून बघितली आणि परत बसवली. मोजली नाही. आमचा नियम आहे की पडलेली वस्तू मोजल्याशिवाय बसवायची नाही. तो नियम मीच लिहिलाय, भिंतीवर लावलाय.

दुसरं. तपासणीच्या दिवशी सकाळी आमचे साहेब म्हणाले होते, "बहिणीच्या टेबलावरचा माल आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का तपासायला?" मी म्हटलं, "उलट मीच करते, म्हणजे कुणी बोलायला नको." आणि मग मी इतकी कडक झाले की कडकपणा म्हणजेच काम, असं मला वाटायला लागलं. बारा नग, बाराही उजवीकडे मऊ, बाराही सारख्याच मापाने. एवढ्यावरून कुणीही सावध झालं असतं. हाताची चूक अशी एकसारखी येत नाही. एखादा नग डावीकडे जातो, एखादा वर, चार बरे निघतात. बारा वेळा तीच चूक करायला माणूस लागत नाही, यंत्र लागतं. हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगते. त्या दिवशी मला स्वतःला सांगावंसं वाटलं नाही.

का वाटलं नाही तेही लिहिते. त्याच्या महिनाभर आधी तू माझ्या एका अहवालातली चूक काढली होतीस. आमच्या आणि तुमच्या लोकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, आणि तुझं बरोबर होतं. साहेब हसून म्हणाले होते, "धाकटीची नजर थोरलीपेक्षा चोख आहे." सगळे हसले, मीही हसले. ते माझ्या नाकाला झोंबलं होतं. बारावा नग उतरवताना मला बरं वाटलं होतं, मुंगी. फार नाही, थोडंसं. पण वाटलं होतं.

अकरा पानांचा अहवाल लिहिला मी, आलेखांसकट. लेन्स अर्धी फेरी फिरवायला दहा सेकंद लागतात.

आणि आता सगळ्यात अवघड. अहवाल गेला त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. रडत नव्हतीस, भांडतही नव्हतीस. एकच प्रश्न विचारलास, "ताई, फिरवून बघितलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

मी फिरवली नव्हती. एकही नाही. "हो" म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं आणि कदाचित तूच बरोबर निघाली असतीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. "मग माझाच हात चुकला," असं म्हणून फोन ठेवलास. काकांनी तुला टेबलावरून काढून पॅकिंगला बसवलं तेव्हा मी आईच्या समोर म्हटलं, कामात नातं आणायचं नसतं. तू ताटावरून उठून गेलीस. दुसऱ्या गावात जाऊन लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळत बसलीस, आणि मी घरी सगळ्यांना सांगत राहिले की धाकटीला टीका सहन होत नाही.

झालं लिहून. हे वाक्य लिहिताना हात हलका झाला, आणि त्याचीही लाज वाटली. तू काही म्हण, किंवा म्हणू नको. पण उद्या सकाळी पाण्याचा पेला भरू नकोस. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही.

ताई


२१ मार्च, शुक्रवार

मुंगी,

सोमवारी साहेबांच्या खोलीत गेले. प्लेट, लेन्स आणि वर्गाचा फोटो टेबलावर ठेवले, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पडलेल्या प्लेटपासून फोनवरच्या 'हो'पर्यंत. साहेबांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, "बसा," म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

सगळं ऐकून त्यांनी प्लेटच्या काठावरून नख फिरवलं. तीच जागा सापडली. मग म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कधी कळलं नसतं."

"हो ना. म्हणूनच तर चौदा महिने गेले."

"तुम्हाला तरी कधी कळलं?"

"प्लेटचं दहा दिवसांपूर्वी. न फिरवल्याचं त्याच दिवशी."

त्यांनी फोटो उचलला. बराच वेळ बघत होते. "ही डोळे मिटलेली कोण?" मी म्हटलं, माझी मुलगी. ते हसले नाहीत, पण हसणार होते असं वाटलं. मग म्हणाले, सहा महिने माझ्या एकटीच्या सहीने कुठलाही अहवाल जाणार नाही, शेजारच्या टेबलावरचा सहकारी प्रत्येक नग पुन्हा तपासेल. जुना अहवाल चुकीचा होता असं पत्र कंपनीच्या नावाने काकांना जाईल आणि ज्यांना तो अहवाल दाखवला होता त्या सगळ्यांनाही जाईल. मजकूर मीच लिहायचा.

"नोकरी?" मी विचारलं.

"नोकरी कशी काय जाणार? उद्या पडलेली प्लेट तुमच्याइतकी घाबरून कोण मोजेल?"

बाहेर येऊन मी जिन्यात बसले. गळ्याला बांधलेलं काहीतरी कुणी सोडावं तसं वाटत होतं. सहकारी पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, मला काढून टाकलंय. मी हसत होते ते बघून त्याला खात्रीच पटली.

ते पत्र मी एका परिच्छेदात लिहिलं. यावेळी आलेख नाहीत.

मग ते घेऊन स्वतः काकांकडे गेले. टपालाने पाठवायची हिंमत झाली नाही, म्हणजे उलट म्हणायला हवं, पण तुला कळेल. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि एका खोक्यावर बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "पोरीला मी पॅकिंगला बसवलं," एवढंच दोनदा म्हणाले. नंतर आत जाऊन विक्रीची वही आणली. त्यातून आणखी पाच नगांचे पत्ते लागले, उरलेले सहा कुठे गेले त्याची नोंद नाही. तीन दिवस मी ते गोळा करत फिरले. सहाही नग आता तपासून झालेत, सहकाऱ्याने आणि मी, वेगवेगळे, एकमेकांना न सांगता. सहाही पास. एकाचा वरचा कोपरा बाकीच्यांहून जरासा कमी आहे, पण मर्यादेच्या आत. तेवढंही सांगितलंच पाहिजे.

तुझं टेबल काकांनी कुणाला दिलेलं नाही. दोन जण बसवून बघितले, टिकले नाहीत. दिवा, भिंग, तुझी ती पितळी चिमटी, सगळं कापडाखाली झाकून ठेवलंय. ते तुला फोन करणार होते. मी म्हटलं, ती फक्त आईचा फोन उचलते.

ताई


२६ मार्च

प्लेट कुणाला देऊ नकोस. मी शनिवारी येतेय. स्टेशनवर येऊ नकोस.


३१ मार्च, सोमवार

मुंगी,

तू स्वतःच होतीस, तरी लिहितेय, कारण शनिवारी माझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही. आणि दोन दिवसांत काय काय झालं ते तुझ्याकडून निम्मं सुटलंच असेल, कारण निम्मा वेळ तू झोपली होतीस.

तू दारात उभी राहिलीस, खांद्यावर पिशवी, केस कापलेले. मला वाटलं होतं, तू बारीक झाली असशील, निदान सुकलेली तरी. तू चांगली गुबगुबीत होतीस. मला इतका आनंद झाला की मी मूर्खासारखं म्हटलं, "जाड झालीस." चौदा महिन्यांनंतर हे माझं पहिलं वाक्य. तू म्हणालीस, "बाक कुठाय?"

सुट्टीचा दिवस, साहेबांनी किल्ली दिली होती. तू मला मागे स्टुलावर बसवलंस, हात मांडीवर ठेवायला लावलेस. नवी प्लेट तू स्वतः मोजलीस. मग ४१७ चढवलीस. चार फेऱ्या. मग उतरवलीस, आणि पुन्हा पहिल्यापासून चार फेऱ्या. मग जुनी प्लेट. उजवी कड मऊ झाली तेव्हा तुझी पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. फिरवलीस. मऊपणा हलला नाही. फिरवलीस. हलला नाही.

तू फरशीवर बसलीस आणि हसायला लागलीस. मला वाटलं, मीही हसावं. मग तू रडायला लागलीस, आणि मी उठले तर म्हणालीस, "तिथेच बस." मी बसले. तू बाहीने नाक पुसलंस. मग तू म्हणालीस, "तू हो म्हणाली होतीस."

"हो."

"आत्ताही हो म्हणतेस!"

त्यावर दोघींनाही हसू आलं, ते चुकून आलं, मला माहीत आहे. तू लगेच तोंड फिरवलंस. तरीही ते आलं होतं.

घरी येऊन तू आईच्या पलंगावर आडवी झालीस, चार वाजता, बूट न काढता. आईने बूट काढले. पुढचं तुला ठाऊक नाही. आई खुर्ची घेऊन दारात बसली. तुझ्या भाचीला तिने नळही सोडू दिला नाही. शेजारीण दोरीबद्दल भांडायला आली, तिला आईने ओठांवर बोट ठेवून सांगितलं, "उद्या या, उद्या भांडू." ती बिचारी पायांचा आवाज न करता गेली. तुझे भाऊजी चोरासारखे चालत होते. तू दुसऱ्या दिवशी नऊला उठलीस. सतरा तास! उठल्यावर पहिलं काय म्हणालीस तर, "भूक लागलीय." आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथे एकटीच रडली. मला दिसलं. तुला सांगू नको म्हणाली आहे, म्हणून लिहितेय.

निघताना फलाटावर तू मला मिठी मारली नाहीस. पिशवी सावरत म्हणालीस, "मी अजून रागावलेली आहे. पण आधी मी स्वतःवर रागावले होते. तुझ्यावर रागावणं त्यापेक्षा फार सोपं आहे, ताई. फार बरं वाटतंय."

मी म्हटलं, हवं तितकं रागाव. गाडी हलल्यावर सुचलं की यापेक्षा चांगलं काहीतरी म्हणायला हवं होतं. अजूनही सुचलेलं नाही.

ताई


२२ एप्रिल, मंगळवार

ताई,

चष्म्याचं दुकान सोडलं. मालकीणबाई चांगल्या होत्या. निघताना मला एक छोटा स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाल्या, तुझ्यासारखी नाकाची पट्टी बसवणारी मिळणार नाही. हे मी माझ्या कौतुकात धरते.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून काकांकडे टेबलावर आहे. कारखान्याच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. पहिल्या दिवशी दिवा लावला आणि तासभर काहीच केलं नाही. काका येऊन येऊन जात होते. शेवटी मीच म्हटलं, "काका, तुम्ही असे फिरलात तर माझा हात खरंच थरथरेल." तेव्हा गेले. मग पहिली लेन्स घेतली. काच बसवली, दिव्यात फिरवली, प्रतिबिंब हलतंय का बघितलं, पाव केस ढकलली, परत फिरवली. थांबलं. जागच्या जागी, ताई. मी दुसरी घेतली. दुपारी जेवायला उठायचं विसरले.

तुझं तिसरं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. 'मला बरं वाटलं होतं' त्या ओळीवर. पण तीच ओळ वाचून मी बाकीच्यावर विश्वास ठेवला. तेवढं कोण खोटं लिहील?

तुमच्या कंपनीला आमचा माल पुन्हा यायला लागेल, तो तुझा सहकारी तपासेल, तसं काकांनी आणि साहेबांनी ठरवलंय, आणि ते योग्य आहे. पण या पार्सलमध्ये दहा नग आहेत ते कंपनीसाठी नाहीत. ते तुझ्यासाठी आहेत. दहातला एक मी मुद्दाम बिघडवलाय. कोणता आणि कसा ते सांग. घाई नाही.

मुंगी


२८ एप्रिल, सोमवार

मुंगी,

सातवा.

डावा वरचा कोपरा. मागून दुसरी काच तू किंचित कलती बसवली आहेस, आणि इतक्या सफाईने की मधोमध बघून कुणाला कळणार नाही. लबाड.

प्लेट आधी मोजली. दहाही नग चार वेळा फिरवले, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा चार वेळा फिरवले. सहकारी म्हणाला, हे कुठल्या गिऱ्हाइकाचं एवढं चाललंय? मी म्हटलं, फार खवचट गिऱ्हाईक आहे.

पहिला, चौथा आणि दहावा यांच्यासारखे नग मी फार दिवसांत बघितले नाहीत. तिसरा जरा साधा आहे, पण कुणीही आनंदाने घेईल.

आता खरं ते. नववाही थोडा गेलाय. खालच्या बाजूला, उजवीकडे. सातव्याइतका नाही, पण मर्यादेच्या बाहेर आहे. लेन्स फिरवली की तो दोषही तिच्याबरोबर फिरतो, म्हणजे बाकाचा नाही. आणि तू एकच बिघडवला म्हणालीस, म्हणजे तो तू मुद्दाम केलेला नाहीस. हे लिहावं की नाही असा मी काल दिवसभर विचार करत होते. एकच विचारला होतास, एकच सांगितला असता, तर तू खूश झाली असतीस आणि मीही. आई म्हणाली, "काय गं, अशी काय बसलीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "लिही. आता ती नववा ऐकून मरत नाही."

म्हणून लिहिते आहे. नववा परत पाठवते.

ताई


३० एप्रिल, बुधवार

ताई,

नववा माझाच. रिंग आवळताना काकांनी मोठ्याने हाक मारली, लक्ष गेलं, आणि तपासायचा राहिला. आज उघडला, दहा मिनिटांत नीट झाला. त्यात विशेष काहीच नव्हतं. एक नग चुकला, दुरुस्त केला, पुढचा घेतला. हे इतकं साधं असतं, ते मी विसरूनच गेले होते.

काकांना सांगितलं तर ते तुझ्यावर जाम खूश आहेत. माझ्यावर ओरडले. दीड वर्षात पहिल्यांदाच, आणि मला ते इतकं आवडलं की त्यांनी विचारलं, "हसतेस काय?"

रविवारी तुम्ही सगळे इकडे या. आईला खालच्या मजल्यावरच्या आजींकडची आरामखुर्ची मागून ठेवली आहे. बाकीच्यांना जमिनीवर बसावं लागेल. तू सकाळीच ये, बाकीचे मागाहून आले तरी चालतील. मला खिडकीला पडदा लावायचाय आणि माझा हात पोचत नाही.

मुंगी